एकशे चार ग्रॅम

चेंडू बांधायला शिकवताना बाबा एकच सांगायचे:
लोकर आवळ. काचली पाहिजे.
आत अक्रोडाएवढा लाकडी गोळा, त्यावर रबर,
त्यावर लोकरीचे, मग सुताचे वेढे,
वरून बकरीचं कातडं, दोन तुकडे
एकमेकांच्या कुशीत शिरलेले.
एकशे चार ग्रॅम.
उघड्या हाताने मारायचा. ना फळी, ना जाळी.
समोर चर्चची भिंत.

मी एकटीने शिवलेला पहिला चेंडू
सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात, गावजत्रेच्या दुपारी,
भिंतीवरून परतला
आणि माझ्या भावाच्या डाव्या डोळ्यावर बसला.

बिट्टोर सतरा वर्षांचा.
बुबुळामागं, काळ्याच्या पुढ्यात रक्त साचलं,
पेल्यात वाइनचा गाळ बसतो तसं,
तळाशी, आडव्या रेषेत.
आठवडाभर उशा लावून बसवून ठेवला त्याला.
रक्त ओसरलं. नजर आली.
आईने मेणबत्ती लावली, बाबांनी कोकरू भाजलं,
डोळ्याची गोष्ट मिटली.

आता तो पंचावन्न.
गेल्या हिवाळ्यात व्हॅनचा डावा आरसा दोनदा तुटला.
मग दाराच्या चौकटीला खांदा.
मग चीजच्या साच्यांची अख्खी फळी.
"दार अरुंद झालंय," तो म्हणायचा,
आणि आम्ही हसायचो.
दुखत तर काहीच नव्हतं.
उजवा डोळा भला माणूस,
भावाचं उणं झाकून नेत होता.

पाम्प्लोनाला डॉक्टर नागोरेने दाब मोजला.
उजवीकडे पंधरा. डावीकडे छत्तीस.
थांबली. पुन्हा मोजला.
आरशांचं छोटं भिंग डोळ्याला टेकवून
कडेच्या कोपऱ्यात बराच वेळ पाहत राहिली.
"या डोळ्याला कधी मार लागला होता?"

तो नाही म्हणाला.
मी हो म्हणाले.

तिने कागदावर काढून दाखवलं.
डोळ्याच्या आत पाणी झरतं, रडण्याचं नव्हे, दुसरंच,
आणि कोपऱ्यातल्या चाळणीतून निघून जातं.
त्या तडाख्याने कोपरा फाटून मागे सरकला होता.
चाळणीवर वण धरत गेला.
अडतीस वर्षं पाणी येत राहिलं, वाट बुजत राहिली,
मागच्या नसेचे धागे विझत गेले,
कडेचे आधी.
मधुमेहाने, स्टेरॉइडच्या थेंबांनीही होतो म्हणे असा,
दुसऱ्या कशाच्या तरी पाठीवर बसून येणारा.
ती सांगत होती. मी मनात वेढे मोजत होते.
गेलेलं परत येत नाही, हे तेवढं ऐकू आलं.

काचबिंदू.
ती काच नव्हती, तो काच होता.

परतताना घाटात मी म्हणाले, चेंडू माझा होता.
"माहीत आहे," तो म्हणाला.
"चांगला बांधला होतास. म्हणून तर एवढा आला."
पुढे बोगदा लागला. गाडी मीच चालवत होते.

रात्री नऊला थेंब. एक.
डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, दोन मिनिटं.
तो तीनपर्यंत धरतो, कधी धरतच नाही.
डावीकडून येताना मी आधी बोलते.
काहीही. धुकं उतरलं. मीच आहे.

माझा नातू ओइअर खेळताना जाडा चष्मा लावत नाही.
पोरं हसतात म्हणे.
रविवारी बिट्टोर त्याला भिंतीपाशी घेऊन गेला,
उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून उभा राहिला.
"डावीकडून ये. आवाज न करता.
दिसलास की थांब म्हणेन."

ओइअर आला. आणखी आला.
इतका जवळ, की श्वास कानाला लागला असावा.
बिट्टोर भिंतीकडेच बघत होता.
"ये ना," म्हणाला, "निघालास का?"